छावणीत न घेतलेली घोडी
कडब्याची नुकतीच केलेली कुट्टी कुठे दिसली, की तिच्या गोडसर वासाबरोबर मला आमच्या रायडिंग क्लबातली तांबडी घोडी आठवते. साखर कारखान्याने सभासदांच्या मुलांसाठी तो क्लब काढला, तेव्हा नाव घालणारी मी एकटीच मुलगी होते. त्या घोडीवर मी दौड करायला शिकले आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. ऊस वाळून गेला, कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही आणि घोड्यांचा चारा बंद झाला. आम्हाला शिकवणारे, फौजेतून निवृत्त झालेले सर घोडीला घेऊन दुष्काळातल्या जनावरांसाठी काढलेल्या चारा छावणीवर गेले, मीही गेले. तिथला माणूस म्हणाला, "सर, हितं गाई-म्हशी अन् बैलच घेत्यात. घोड्याला चारा न्हाई." "कावून? हिला भूक लागत न्हाई का बे?" सर ओरडले. तो पुढच्या बैलाकडे वळला. शेवटी लग्नाच्या वरातीला घोडे पुरवणारा चौसाळ्याचा एक वरातीवाला तिला न्यायला आला. सर मला म्हणाले, "बस पोरी, एक चक्कर मार." तिच्या बरगड्या वर आल्या होत्या. "लई वाळली हाय सर, कशी बसू?" मी म्हणाले. घोडी मात्र सवयीने, मला बसता यावं म्हणून माझ्याकडे बाजू करून, अजिबात न हलता उभी राहिली. मी तिच्या मानेवरून हात फिरवला आणि मागे सरले. वरातीवाल्याने लगाम ओढला, तरी ती लवकर हलेना. आज वाटतं, तिला पावला-पावलाने चालवत का होईना, मी ती एक चक्कर मारायला हवी होती.