चिंध्या बांधलेल्या बारा ओळी

पंचफुलाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू होई. भाकरी बांधून उजाडायच्या आत ती कंधारजवळच्या माळावर, सागाच्या रोपवनात पोचलेली असे. विळ्याला धार ती घरीच लावून यायची. कामावर आल्यावर धारेसाठी दगड शोधणाऱ्याला ती मजूर म्हणत नसे.

भादव्यात निंदणी निघाली. नवा वनरक्षक आदर्श याने मुकादम धोंडप्पाला बजावलं होतं, "पाहणी आहे. सागाशिवाय काही दिसता कामा नये." म्हणजे सगळं सपाट करायचं.

वीस वर्षं हेच काम केलेल्या पंचफुलाबाईने सपाट माळाचं पुढे काय होतं ते पाहिलं होतं. उन्हाळ्यात भुई फाटते, मग वाळवी सागालाच धरते, आणि तितर ओरडायचं बंद होतं. म्हणून ती सागाच्या बुडाशी हातभर गोल साफ करी. घाणेरीचं तण मुळासकट उपटी. टेंभुर्णी, बोर, धावडा मात्र राखी, आणि कुणी चुकून कापू नये म्हणून त्यांना जुन्या लुगड्याची चिंधी बांधी. गोल काढायला दर रोपापाशी बसावं लागतं. सपाट विळा मारण्याच्या दुप्पट मेहनत. ती तिला कबूल होती.

तिसऱ्या दिवशी तिला दिसलं, की बाकीच्या बाया चिंध्यांना वळसा घालून चालल्यात. एका टेंभुर्णीपाशी हळदकुंकू होतं, नारळाची करवंटी होती.

"कस्तुराबाई, हे काय गं?"

"चिंध्यादेव निघालाय इथं. तुमच्यात मानत न्हाईत, ठावं हाय मला. पर म्या कशाला विळा लावू?"

पंचफुलाबाईला हसू फुटलं, आणि तसंच विरलं. गप्प राहिली तर रोपं आयती वाचत होती. पण तिच्या आजाने बौद्ध होताना घरातला देव्हारा स्वतःच्या हाताने काढला होता. त्याच्या नातीने माळावर नवा देव बसवायचा?

दुपारी भाकरी सोडताना ती सगळ्यांदेखत म्हणाली, "देवबिव काय न्हाई. लुगडं माझं, फाडलं म्या, बांधलं म्या."

"अगं बाई! मग माझा नारळ गेला की!"

"खोबरं खाल्लंस न्हवं? मग गेला कुठं?"

बाया हसल्या. धोंडप्पा हसला नाही. "म्हंजी तीन दिस तू काम चुकवून राहिलीस, पंचफुलाबाई."

हा शब्द तिला लागला. विळा त्याच्यापुढे धरून ती म्हणाली, "चुकवलं? एक गोल काढून दाखवा, मुकादम."

विळा घेतला तो काम बघायला आलेल्या आदर्शने. दोन गोल काढले आणि कंबर धरून उठला. "मावशी, ही झुडपं सागाचं पाणी ओढतात."

"हातभर सोडलंय की त्याला. पल्याड सावली हाय, पालापाचोळा हाय. ओल तिथंच ऱ्हाते."

"आणि साग वाळला तर?"

"तीन दिसांत माझ्या बारा ओळी झाल्यात, तेवढ्या अशाच ठेवा. मिरगापर्यंत साग जगला न्हाई, तर या निंदणीची मजुरी देऊ नका."

"हाव, चालतंय," धोंडप्पा लगेच म्हणाला. बाकी रोपवन आठवड्यात सपाट झालं. निंदणीची तिची नऊ दिवसांची मजुरी त्याने रोखून धरली.

मे महिन्याच्या शेवटी तिघं माळावर गेली. सागाला कुठेच पान नव्हतं. धोंडप्पा म्हणाला, "सगळं सारखंच वाळलंय की."

पंचफुलाबाईने सपाट ओळीतल्या सागाची साल नखाने खरवडली. आत कोरडं, तपकिरी. बुडाला वाळवीची माती चढलेली. अशी दहा रोपं तिने दाखवली. तीन जिवंत निघाली. मग आपल्या ओळीत येऊन खरवडलं. आत हिरवंगार. दहांत नऊ. धोंडप्पाने स्वतः आणखी चार खरवडली, तीही हिरवी.

आदर्श पुढे सरकला तोच बोरीखालून तितर भुर्रकन उडालं.

"पाय सांभाळा, साहेब. अंडी असतील."

आदर्शने वाकून पाहिलं. सहा होती. तो मागे फिरून लांबून वळसा घालून आला आणि धोंडप्पाला म्हणाला, "यंदा सगळ्या ओळींत हातभर गोल. मावशी दाखवतील तसं."

"आन् माझी मजुरी?" पंचफुलाबाईने विचारलं.

धोंडप्पाने ती दुसऱ्या दिवशी घरी आणून दिली. पंचफुलाबाईची न्हाणी इतकी वर्षं पोत्याच्या आडोशाची होती. त्या पैशांत तिने न्हाणीला पत्र्याचं दार बसवून घेतलं. आतून कडी लागणारं.