चिपला न विचारता दिलेलं उत्तर

आमच्या ऑफिसातल्या चौकशीकाकांनी जन्मात कुणाची चौकशी केली नाही. उत्तरं मात्र वीस वर्षं दिली. म्हणजे त्यांच्या ड्रायव्हरने दिली. रुग्णाच्या बोटाला लावायचं, नाडी मोजणारं यंत्र आम्ही बनवतो. त्यात वायरलेस चिप असते. बाकीचे प्रोग्राम घडोघडी विचारतात, चिप चालू आहे का, नर्सच्या टेबलाशी जोडलेली आहे का. पण चिपशी थेट बोलायची मुभा कुणालाच नाही. मध्ये काकांचा ड्रायव्हर, म्हणजे त्यांनी लिहिलेला, चिपशी बोलणारा प्रोग्राम. तो सांगेल ते खरं. नाडी बिघडली की इशारा टेबलावर जातो; जोडणी तुटली असं त्याने सांगितलं, तरच यंत्राने स्वतः खाटेपाशी बोंब मारायची.

एका वॉर्डात एका म्हाताऱ्या माणसाची नाडी खाली गेली आणि यंत्र अकरा मिनिटं गप्प राहिलं. टेबलावर काही पोचलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईने हाका मारल्या म्हणून माणूस वाचला.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "चिपचा दोष, असं लिहा आणि मोकळे व्हा. उद्या दोनशे यंत्रं निघायचीत."

टेस्टिंगच्या ताईने नोंदींचा कागद काकांपुढे सरकवला. "काका, चिप केव्हाच अडकली होती. तुम्ही तिला न विचारताच 'जोडलेली आहे' म्हणत होतात."

काकांनी ती ओळ शोधली. सहा वर्षांपूर्वीची, त्यांच्याच हातची. चिप झोपलेली असेल तर उठवायची नाही, शेवटचं उत्तर आठवून द्यायचं. त्याने बॅटरी दोन दिवस जास्त टिकली होती. त्या दिवशी याच खोलीत टाळ्या पडल्या होत्या आणि काका कानापर्यंत लाल झाले होते. अडकलेली चिपही बाहेरून झोपल्यासारखीच दिसते, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. काकांच्याही नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी जिन्यात उभं राहून काकूंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मग घरी तरी वेगळं काय करता?" काकूंचा आवाज जिनाभर ऐकू येत होता. "गोळी घेतली का विचारलं, की पेपरातून डोकं वर न काढता 'हो'!"

"अगं, कुणाचा तरी बाप जात होता."

काकू आवाज खाली आणून म्हणाल्या, "तर मग जा आणि सांगा. माझ्याशी काय बोलत बसलाय?"

दुपारी काकांनी ड्रायव्हरला एक नवं उत्तर शिकवलं: चिपने ठरल्या वेळात ओ दिली नाही, तर 'माहीत नाही'. आणि 'माहीत नाही' आलं की यंत्राने ओरडायचं.

"बॅटरी?" साहेबांनी विचारलं.

"दीड दिवस कमी चालेल."

"आणि दर तासाला कुठलं तरी यंत्र उगाच ओरडेल. सिस्टर वैतागतील हो!"

"वैतागू द्या. उठून खाटेपाशी तर जातील."

साहेबांनी अहवाल पुढे केला. दोषाच्या रकान्यात 'चिप' असं आधीच छापलेलं होतं. काकांनी ते खोडलं, वर आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. दोनशे यंत्रं थांबली. पुढच्या आठवड्यात ड्रायव्हर ताईच्या हाती गेला. काका खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसतात आणि आपली एकेक जुनी ओळ तिला मोठ्याने वाचून दाखवतात. ती मध्येच थांबवून विचारते, "हे कशावरून?"

काका आता उत्तराची घाई करत नाहीत.