बॉलच्या पाया पडणारी पोर

ठाण्यात बाळकुमच्या एका सोसायटीत मी राहून काम करते, तीन वर्षांची एक मुलगी सांभाळते. गाव माझं नांदेडकडचं, शाळा सातवीत सुटलेली. इथे मला वेगळी खोली आहे, घरचे मला ताई म्हणतात, सोबत जेवायला बसवतात. त्यांचे उपकार मी विसरायची नाही. पण कुणी एवढं चांगलं वागलं की मला धाकधूकच होते. हे कशावरून संपेल, तेवढंच डोक्यात. माझ्या आधी पोरीला सांभाळणाऱ्या बाईंनी तिला अंधारातल्या बुवाची भीती घातली म्हणून त्यांना काढलं, हे वॉचमनकाकांनी मला आल्या आल्याच सांगितलेलं.

तर पोरीला फुटबॉलला घातलं. मंगळवारी संध्याकाळी, खालच्या लॉनवर. शिकवणारा तरुण, जवळच्याच कोळीवाड्यातला. मला तो काही पटला नाही. शिकवायला आलेला माणूस शिकवतच नव्हता. गवतावर रांगायचा, वाघ व्हायचा. बॉल म्हणजे झोपलेलं मांजर, पायाने हळूहळू ढकलत त्याला घरी न्यायचं.

"मांजर उठलं तर?"

"चावेल!" पोरं किंचाळायची.

ह्याला शिकवणं म्हणतात? आणि आम्हा सांभाळणाऱ्या बायांना लांबच्या बाकावर बसवलेलं. लांब कशाला? मी बाकाच्या टोकाला बसून नजर ठेवायचे.

दुसऱ्याच मंगळवारी घोळ झाला. आमच्या पोरीने बॉलला पाय लावला, लगेच वाकली, बॉलला हात लावून तो कपाळाला लावला. परत पाय, परत नमस्कार. बाकीच्यांची मांजरं घरी पोचली, हिचं तिथल्या तिथे.

वहीला, ताटाला, माणसाला, कशालाही पाय लागला की पाया पडायचं, ही सवय मीच लावलेली. बॉलचं काय करायचं, ते सांगायचं राहिलं.

त्या सरांनी खिशातून मोबाइल काढला आणि तिचा व्हिडिओ घेतला. मी तडक उठून गेले.

"कशाला काढताय?"

"मावशी, बघा ना कसली गोड! आईला पाठवतो."

"नका पाठवू. मी सांगते घरी."

"अहो, गेला पण."

मग ते पोरीसमोर उकिडवे बसले. "माझे बाबा होडीत चढायच्या आधी तिच्या पाया पडतात. एकदाच. मग दिवसभर तिच्यातच पाय देऊन उभे. होडी रागावते का?"

पोरीने नाही म्हणून मान हलवली.

"बॉलचं पण तसंच. आधी एक नमस्कार, मग लाथ!"

माझ्यासमोर गोड बोलतोय, मला वाटलं. व्हिडिओखाली काय लिहिलंय, देव जाणे.

रात्री पोरीची आई ऑफिसातून आली ती मोबाइल हातात घेऊनच. "ताई, हे तुम्ही शिकवलंत?"

"हो. उद्यापासून बंद करते."

"बंद कशाला? मला माझ्या आईने चापट्या मारून शिकवलेलं. तुम्हाला कसं जमलं?"

चापट्या! म्हणजे मी पोरीला मारते का, तेच माझ्याकडून काढून घ्यायचंय तर. "देवाशप्पथ वहिनी, मी बोटसुद्धा लावलं नाही तिला."

"अहो ताई, मी तुमचं कौतुक करतेय!"

पुढच्या मंगळवारी त्या लवकर घरी आल्या आणि बाकावर माझ्या शेजारीच बसल्या. माझ्यावर नजर ठेवायला असेल, म्हणून मी जरा सरकून बसले. त्याही सरकल्या, माझ्याच बाजूला, आणि पुड्यातले शेंगदाणे माझ्यापुढे धरले.

पोरीने एकच नमस्कार केला आणि बॉल असा उडवला, की तो थेट माझ्या पायाला येऊन लागला. मी वाकले.

"ताई, आता नाही! झाला ना नमस्कार!" पोर ओरडली.

"तुझा झाला. माझा कुठे झालाय?" म्हटलं, हात कपाळाला लावला आणि लाथ मारली. बॉल जवळच राहिला, माझी चप्पल मात्र सरांपर्यंत गेली. वहिनी एवढ्या हसल्या की शेंगदाणे सांडले.