पाला न्हाई, मसाला हाय!

बसा. पैज लावतो, शेवट कोनालाच वळखता यायचा न्हाई! येका तमालपत्रापायी रावजीच्या पोरीचं लगीन मोडायला आलं हुतं. मिरजगावात शिरपतनाना लग्नातला आचारी, आन मी त्याचं कांदं चिरनारा. आचाऱ्यामागं हिंडलं का किस्सं साचत्यातच, पातेल्याच्या बुडाला खरपुडी साचावी तसं.

*

नानाची बायकू गंगूआक्का. तिच्या सैपाकात तमालपत्राला बंदी! म्हनायची, "खायाचंच न्हाई, तर घालायचं कशाला? शिजवा आन फेका!"

नाना म्हनला, "बाशिंग बी लगीन झाल्यावर काढूनच ठिवत्यात. म्हून काय बिनबाशिंगाचा नवरा हुबा करायचा?"

आक्का म्हनली, "बाशिंग भातात सापडत न्हाई!"

*

येकदा मी नानाच्या डब्यात गुपचूप जांभळीची वाळली पानं भरली. नानानं भात केला. झाकान उघडलं, डोळं मिटून वास घेतला. मला घाम फुटला, हातात त्याच्या मोठं उलथनं!

"हाऽऽ! ह्याला म्हंत्यात तमालपत्र!"

आक्कानं डब्यात डोकावलं. "आवो, ही तर आपल्या दारातली जांभळ!"

मी तवर येशीपतुर पोचलो हुतो!

*

भागू पैलवानाच्या नरड्यात भर पंगतीत पान आडाकलं. डोळं पांढरं! गड्यांनी पाठीवर गुद्द्यावर गुद्दं घातलं. बायका रडाय लागल्या. येकदाचं पान भाईर पडलं.

पैलवान पयलं काय बोलला? "भात संपला का रं?"

*

मंग आलं ते दुष्काळाचं साल. तांदूळ मिळंना, तरी रावजीनं वऱ्हाडासाठी मसालेभात केलाच. जेवान आदी, अक्षता सांजच्याला. खर्डा गावचा व्याही पयल्याच घासाला थांबला. पान काढून वर धरलं.

"रावजी, गुरं पाल्यावर जगवतोय आमी. आता आमालाबी पालाच व्हय?"

व्याही उठला. त्याच्यामागं समदी पंगत उठली! हळदीची पोर दारात हुबी, तोंड पांढरंफटक. रावजीनं डोईचं मुंडासं व्याह्याच्या पायावर ठिवलं. व्याही हलंना.

नाना फुडं झाला. "पाव्हनं, पाला न्हाई, मसाला हाय."

"मसाला? मंग खाऊन दाव! समद्यांच्या पत्रावळीतला!"

नाना मांडी घालून बसला. वऱ्हाडी येकेक पान आनून फुडं टाकीत हुतं. नाना चावतोय, गिळतोय, डोळ्यांतनं पानी. वाजंत्री गप. कोनी हसंना, मीबी न्हाई. ढीग काय सरंना.

आक्का परातीमागनं उठली, नानाशेजारी येऊन बसली.

"सरका. निम्मी हिकडं द्या."

"तू खातीस?"

"गप चावा. पोर हुबी हाय दारात."

ढीग सरला. व्याह्यानं मुंडासं उचाललं, रावजीच्या डोईवर ठिवलं. वाजाप सुरू झालं.

आक्कानं चोथा हातावर थुकला. त्यात तिची दाढ हुती.