शांत दिवसाची रेषा

वायोला बीर्डीला विचारल्याशिवाय आमच्या गावात कुणी रेडिओसमोर बसत नसे. हडसन उपसागराच्या काठचं गाव, सापळे लावायला गेलेली माणसं शंभर-दीडशे मैल आत, आणि त्यांच्याशी बोलायला रेडिओ सोडला तर दुसरं काही नाही. आकाशात ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पडदे हलायला लागले की वरची हवा रेडिओच्या लहरी गिळून टाकायची. मग रेडिओ ठार मुका. साधी खरखरसुद्धा नाही. तो कधी मुका होणार आणि कधी बोलणार हे वायोलाला ठाऊक, कारण ती गावाबाहेरच्या संशोधन केंद्रात कामाला होती. दुकानदार मॅकीव्हर रोज सकाळी तिला वाटेत अडवायचा.

"काय गं वायोला, आज कान लावून बसू की झाडू मारू?"

"झाडू मार. निदान दुकान तरी दुकानासारखं दिसेल."

केंद्रातलं यंत्र ताऱ्यांकडून येणारी एकसुरी सळसळ ऐकत असे आणि त्याचं पेन कागदाच्या गुंडाळीवर रेघ ओढत असे. आकाशाने लहरी गिळल्या की रेघ खाली घसरायची. वायोला रोज सकाळी आठला गुंडाळी बदलायची. महिनाअखेरीला एकेक गुंडाळी उलगडून तिच्यावर पारदर्शक कागद ठेवायची. त्या कागदावर शांत दिवसाची रेषा काढलेली होती, म्हणजे आकाशाने काहीच गिळलं नाही तर रेघ कुठून जाईल ती. दर तासाला खरी रेघ तिच्या किती खाली आहे, ते पट्टीने सेंटिमीटरमध्ये मोजून लिहायचं. दोन्ही रेषा जुळल्या तर शून्य. हे आकडे दक्षिणेला जात. तिथले शिकलेले लोक त्यांचं काय करतात हे तिने कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगायची तसदी घेतली नाही.

तिचा थोरला भाऊ जेरेमाया हिवाळाभर आत रानात असे. आईबाप गेल्यावर त्यानेच तिला वाढवलेलं. सकाळी नऊला त्याची हाक यायची. आमच्यात धाकट्या भावंडाला 'निसीम' म्हणतात, तो तेच म्हणायचा.

"निसीम, उठलीस का? की खुर्चीतच झोपतेस हल्ली? बसून बसून रेघा मोजायच्या, हे काय काम आहे?"

"तू आधी दाढी कर. इथपर्यंत टोचतेय."

एका फेब्रुवारीत सलग दोन दिवस रेडिओ मुका होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला वायोलाने गुंडाळी बदलली तेव्हा पेन तळाशीच होतं. येताना मॅकीव्हरला तिने सांगितलं, "मार झाडू, आज काही खरं नाही." जेरेमायाची वाहिनी लागेल असे गावात दोनच रेडिओ होते, एक दुकानात आणि एक तिच्या स्वयंपाकघरात. दुकानातला मॅकीव्हरने लावलाच नाही, आणि घरी येऊन तिने आपलाही बंद केला. बॅटरी कशाला जाळायची? मग ती चहा करून रोटी भाजत बसली.

सहाव्या दिवशी विमान घेऊन गेलेल्यांना जेरेमाया झोपडीत सापडला, गोठलेला. लाकडं फोडताना कुऱ्हाड नडगीत गेली होती. भिंतीवर दुकानाचं कॅलेंडर होतं. तिसऱ्या दिवसाच्या चौकटीत त्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं: नऊ, हाक मारली, जवाब नाही. दहा, जवाब नाही. अकरा. बारा. पुढच्या चौकटी कोऱ्या.

"तुझा काय दोष?" सगळं गाव म्हणालं. "रेडिओच मेला होता ना. तूच तर सांगितलंस."

वायोला मान हलवायची. महिनाअखेरीला त्या दिवसाची गुंडाळी तिच्या हाती आली, पण तिला ती उलगडवेना. आदल्या दिवसाचेच आकडे तिने जसेच्या तसे उतरवले. नऊला साडेतीन, दहाला साडेतीन, पुढेही तेच. खाली सही केली. आयुष्यात केलेली तेवढी एकच लबाडी. त्यानंतर ती रडली नाही, चिडली नाही, सुट्टीही घेतली नाही. लोक म्हणाले, खंबीर बाई आहे. खंबीर कसली! आतून बधिर झाली होती, आणि बधिर माणसाचं कामात काही अडत नाही.

अशी एकोणीस वर्षं गेली. मग सस्कॅटूनहून लॅरिसा नावाची तिशीतली संशोधक आली. वायोलाच्या आकड्यांवर ती एक गणित उभं करत होती. जमिनीवरची चुंबकाची सुई किती थरथरते त्यावरून आकाश किती लहरी गिळेल, हे ते गणित सांगायचं.

"वायोला, तुमचे हजारो आकडे माझ्या गणितात चपखल बसतात हो! फक्त एक सकाळ हटून बसलीय." तिने तारीख सांगितली. "नऊच्या आधीच सुई शांत झाली होती, म्हणजे आकाश मोकळं हवं. आणि तुम्ही लिहिलंय साडेतीन. यंत्र रुसलं होतं का?"

वायोलाला 'हो' म्हणता आलं असतं. यंत्राला कोण विचारायला जाणार होतं?

"यंत्र बरोबर होतं," ती म्हणाली. "मी मोजलंच नव्हतं."

वायोला मागच्या खोलीत गेली, फळीवरून ती गुंडाळी काढली, टेबलावर उलगडली आणि वर पारदर्शक कागद ठेवला. आठला रेघ तळाशी. साडेआठनंतर चढायला लागलेली. नऊच्या जरा आधी ती शांत दिवसाच्या रेषेला येऊन मिळाली होती आणि दुपारी एकपर्यंत तिथून हलली नव्हती. वायोलाने पट्टी लावून नऊ ते बाराचे चारी तास मोजले.

"बसलं की हो!" लॅरिसाने टाळी वाजवली. मग वायोलाचा चेहरा बघून हळूच विचारलं, "काय झालं?"

"त्या वेळी माझा भाऊ मला हाक मारत होता."

लॅरिसाने तिचा हात धरला. वायोलाने तो धरू दिला. तिला काहीच जाणवलं नाही, आणि जाणवत नाही याचीच भीती वाटली.

वायोला घरी निघाली तेव्हा मॅकीव्हर त्याच्या दारात ऊन खात बसला होता. दुकान विकून कैक वर्षं झाली तरी गंमत तीच. "काय गं, आज झाडू मारू का?"

ती न थांबता पुढे गेली.

घरी तिने पेटीतून जेरेमायाच्या झोपडीतलं ते कॅलेंडर काढलं आणि पेन्सिलीला टोक केलं. त्याच्या नऊसमोर, वेड्यावाकड्या 'जवाब नाही'च्या शेजारी, रोजच्या नेटक्या अक्षरात तिने शून्य लिहिलं. दहासमोर शून्य. अकरासमोर शून्य. बारासमोर शून्य. मग चौकटीच्या तळाशी उरलेल्या जागेत तिने सही केली.