मदतनिसाची खोली

दुबईला जायचं ठरलं तेव्हा कागदावर दोन नावं होती. धाकट्या जावेच्या नावापुढे ‘कलाकार’, माझ्या नावापुढे ‘मदतनीस’. वा रे वा! लग्न होऊन जूचंद्रला आली तेव्हा हिला चिमटीत रांगोळी धरता येत नव्हती. ठिपके आणि कमळं, संपली विद्या. आमच्या गावात रांगोळीत माणसांचे चेहरे काढतात, फोटो वाटावा असे. अंगणात बसवून, हात धरून ते हिला शिकवलं कोणी? मी. पण हिचे व्हिडिओ मोबाइलवर फिरले आणि दिवाळीसाठी तिकडच्या पंचतारांकित हॉटेलने हिला बोलावलं. “तू पन जा, तिला रंग कोन देनार?” सासूबाई म्हणाल्या. झालं, माझ्याकडे रंगांच्या पिशव्या.

राहायचंही तसंच. कलाकाराला समुद्रासमोर बाविसाव्या मजल्यावर खोली, मदतनिसाला मागच्या गल्लीतलं स्वस्तातलं स्टुडिओ हॉटेल.

“ताई, माझ्याच खोलीत या ना. पलंग केवढा मोठा आहे!” जाऊ म्हणाली.

“नको गं बाई. तिथे ओटा आहे, माझा भात मी करीन.” तोंडावर हसू आणि पोटात नुसती आग.

खरं सांगू? खोली छान होती. पलंग, सोफा, दोन शेगड्या, छोटा फ्रिज, सगळं एकाच खोलीत आणि सगळं माझ्या एकटीचं. घरी मला माझं म्हणावं असं कपाटसुद्धा नाही. दुसरी कुणी हरखून गेली असती. मी मात्र खिडकीशी उभी राहून हिचंच हॉटेल बघत बसायचे. समुद्र दिसायचा नाही, मध्ये तेच आडवं आलेलं. सकाळी हिचा फोटो आला, ‘ताई, बघा ना, समुद्र!’ मी अंगठा पाठवला आणि तेवढ्यात भात करपला. त्याचाही राग तिच्यावरच काढला, मनातल्या मनात.

लॉबीत भली मोठी रांगोळी काढायची होती. नथ घातलेली, हसणारी म्हातारी. मागचा रंग मी भरला, चेहरा तिने. आमच्यात एक रीत आहे. रांगोळीवर वाकून बसलेल्याला स्वतःची चूक दिसत नाही. म्हणून डोळे भरताना दुसऱ्याने लांब उभं राहून सांगायचं, आणि लांबचा सांगेल ते बसलेल्याने निमूट ऐकायचं. मग तिथे सासू असो की सून.

मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहिले. डावं बुबुळ वर गेलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढंच, पण म्हातारी तिरळी दिसायला लागली होती. चमच्याने उचलून परत भरायचं, दहा मिनिटांचं काम. मी तोंड उघडणार, तर फोटो काढणारा मला म्हणाला, “आंटी, थोडा साइड में. आर्टिस्ट का फोटो लेना है.”

मी बाजूला झाले. तेवढ्यात तिने मान वर केली. “ताई, बरोबर आहे ना?”

“झकास!” मी म्हटलं. “आता हात लावू नकोस.”

मला वाटलं, कुणीतरी बोलेलच. कसलं काय! टाळ्या, सेल्फी, पुष्पगुच्छ. चूक करूनही वाहवा हिचीच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

निघायच्या दिवशी सकाळी हॉटेलवाल्यांनी रांगोळी झाडून टाकली. दुपारी जाऊ माझ्या खोलीवर आली. “ताई, तिथलं खाऊन जीव विटला. भात आहे का?” घरून नेलेली सुकट मी परतली होती, खोलीभर वास सुटला होता. ती गालिच्यावरच मांडी घालून बसली आणि बोटं चाटत जेवली. मग मोबाइलवर रांगोळीचा फोटो मोठा करून माझ्यापुढे धरला.

“हे बुबुळ वर वाटतं का हो? मला तिथेच शंका आली होती. परत भरणारच होते. मग म्हटलं, ताई उभ्या आहेत ना. चुकलं असतं तर पहिल्या त्याच ओरडल्या असत्या. तुमच्यासारखी नजर अख्ख्या गावात कुणाची आहे?”

हिच्या तोंडून हे ऐकायला माझे कान वीस वर्षं आसुसले होते. आज ती बोलली आणि मला मान वर करवेना. शरमेने मेले मी.

“कॅमेऱ्यात तसं येतं गं,” मी म्हटलं.

“हो ना? मला वाटलंच,” ती म्हणाली आणि मोबाइल बाजूला ठेवून तिने अजून थोडा भात मागितला.