शिकारीच्या सोमवारचा फोन

लोरीन टेट आमच्या गावच्या शाळेत हजेरीची कारकून. सव्वीस वर्षं एकच काम: जे पोर आलं नाही त्याच्या घरी पावणेनऊला फोन करायचा. "वेड आज दिसला नाही गं, बर्नी," एवढंच म्हणायची, पण अशा सुरात, की वेडला खरंच ताप असला तरी माझीच चोरी पकडल्यासारखं वाटायचं. वेड माझा मुलगा. घराच्या पुढच्या खोलीत माझं बायकांचे केस कापायचं दुकान आहे, त्यामुळे फोन कायम हाताशी.

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगते. खुर्चीत मान मागे टाकली की बायका वाटेल ते बोलतात, आणि त्यातलं निम्मं खोटं असतं. लोरीनवर मात्र मी कधी संशय घेतला नव्हता.

वर्षातून एकाच दिवशी ती फोन करत नसे, हरणांच्या शिकारीच्या हंगामातल्या पहिल्या सोमवारी. शाळेने त्या दिवसाची सुट्टी बंद केली तरी पोरं बापामामांबरोबर रानात जायचीच. कोण कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक, मग विचारायचं कोणाला? वरून आलेल्या नियमापुरती लोरीन हजेरीच्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे 'घरी कळवलं' अशी खूण करून मोकळी व्हायची.

सत्त्याण्णवच्या त्या सोमवारी एकोणीस पोरं आली नव्हती. त्यांतला केसी स्कॉव्हिल रानात गेलाच नव्हता. जेवणाच्या सुट्टीत तो शिकारीची बंदूक घेऊन शाळेत शिरला. तीन मुलं गेली, आणि शेवटी तो स्वतः. माझा वेड मामाबरोबर रानात होता म्हणून वाचला. ते कळलं तेव्हा मी ओक्साबोक्शी रडले. त्या रडण्यात आनंद होता, याची मला अजून लाज वाटते.

मग गावाला कीड लागल्यासारखं झालं. केसीला काडतुसं कुणी विकली, त्याला कोण चिडवायचं, कुणाला आधी माहीत होतं? चर्चमध्ये लोक बाक बदलून बसू लागले. केसीची आई डार्लीन नवऱ्यामागे त्याला एकटीने वाढवत होती. तिने एका मेलेल्या मुलीच्या घरी दुखवट्याचं जेवण म्हणून बटाट्याचं भाजलेलं कॅसरोल पाठवलं, ते वरचा कागदही न काढता तिच्या पायरीवर परत आलं. त्यात काय घातलं असेल कोण जाणे, असं माझ्याच खुर्चीत कुणीतरी म्हणालं, आणि मी मान डोलावली.

सरकारी वकिलाने डार्लीनवर निष्काळजीपणाचा खटला भरला. बंदुकीच्या कपाटाची किल्ली तिने शेजारीच खिळ्याला अडकवलेली होती. पण तशी ती आमच्या सगळ्यांच्याच घरी असते, तेवढ्याने भागलं नसतं. म्हणून त्याने लोरीनचा तक्ता काढला. मुलगा शाळेत नाही हे आईला पावणेनऊलाच कळलं होतं, कपाट रिकामं होतं, आणि ती तीन तास स्वस्थ बसली, असं त्याचं म्हणणं. डार्लीन म्हणत होती, मला फोन आलाच नाही. गावातल्या गावातले फोन कंपनी नोंदवत नसे, त्यामुळे तिच्याकडे पुरावा नव्हता. गाव म्हणालं, खोटारडी आहे.

शेरीफचा माणूस उरलेल्या अठरा घरी विचारून गेला. मी एका म्हातारीचे केस धूत होते. त्या दिवशी शाळेतून फोन आला होता का, एवढंच त्याने विचारलं. कोणतं उत्तर डार्लीनला बुडवेल, हे मला चांगलं कळत होतं. आला होता, मी म्हणाले. हातातलं पाणीसुद्धा बंद केलं नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी लोरीन केस सेट करायला आली. शाळेच्या वकिलाने तिला बजावलं होतं: तक्ता बरोबर आहे एवढंच म्हण, नाहीतर नोकरीही जाईल आणि नुकसानभरपाईचे दावे शाळेवर येतील. ती आरशातून माझ्याकडे बघत होती.

"बर्नी, त्या सोमवारी तुझा फोन वाजला होता?"

मी तिच्या केसांत पिना खोचत होते. "वाजला असेल. ड्रायरच्या आवाजात काय लक्षात राहतं?"

"शेरीफच्या माणसाला तर लक्षात आहे म्हणालीस."

"मग वाजलाच असेल."

तिने आरशातली नजर खाली वळवली. मला वाटलं, ही घाबरली, आता तक्त्यालाच चिकटून राहील.

दुसऱ्या दिवशी लोरीन शपथेवर म्हणाली, "मी एकालाही फोन केला नाही. खुणा मी खोट्या केल्या." कोर्टात कुजबुज झाली. सरकारी वकिलाने शांतपणे अठरा घरांचे जबाब वाचून दाखवले. प्रत्येक घरी फोन आला होता. ज्यूरी मुद्दाम शहरातून आणलेली, शिकारीचा सोमवार त्यांच्या गावीही नव्हता. त्यांनी अठरा आयांवर विश्वास ठेवला. डार्लीनला सहा वर्षांची शिक्षा झाली. लोरीनची नोकरी गेली, आणि डार्लीनला वाचवायला खोटं बोलणारी बाई म्हणून लोक तिला टाळू लागले. मी इतक्या जणांवर संशय घेतला, पण खोटं बोलणारी मीच निघाले, आणि मला तर कुणी शपथसुद्धा घातली नव्हती.

लोरीन दर शुक्रवारी अजून येते. गावात दुसरं दुकान नाही. ती त्या दिवसाबद्दल बोलत नाही, मीही नाही, पण माझी नजर सारखी आरशाकडे जाते, हिच्या मनात काय आहे म्हणून. मागच्या शुक्रवारी तिच्या डोक्यात माझे दोन्ही हात होते, आणि फोन वाजू लागला. मी तशीच उभी राहिले.

"उचल ना, बर्नी," ती म्हणाली. "हा खरंच वाजतोय."